कामाच्या ठिकाणचे विधी मोडीत काढू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आलेल्या लहानसहान प्रथा बंद करण्याचा जो सपाटा सध्या सुरू आहे, त्याविषयी आपल्या पत्रातून काही सांगावे, असे बरेच दिवस मनात होते. काम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी काही क्षण एकत्र उभे राहणे, पाळी बदलताना येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने समोरासमोर कामाची सूत्रे देणे-घेणे, नव्या माणसाची सर्वांशी ओळख करून देणे, निवृत्त होणाऱ्याला रीतसर निरोप देणे, या गोष्टींची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. त्यामुळे काटकसरीची कात्री चालवायची वेळ आली की ती सर्वांत आधी यांच्यावर चालते. 31 वर्षे रुग्णसेवेत काढून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्या अनुभवावरून आणि निवृत्तीनंतर सवडीने केलेल्या वाचनावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, या प्रथांना लागणारी मिनिटे कामाच्या हिशोबातच धरली पाहिजेत, कारण काम नीट होण्याचा मोठा भार त्यांच्यावर असतो.

विधी हा शब्द मी येथे कोणत्याही धार्मिक अर्थाने वापरत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, इतरांच्या साक्षीने केलेली आणि जिचा अर्थ करणाऱ्यांना ठाऊक आहे अशी कृती, एवढेच मला अभिप्रेत आहे. सवय आणि विधी यांत फरक आहे. सवय एकट्याची असते आणि ती नकळत घडते. विधी करताना माणूस त्या जागी पुरता हजर असावा लागतो. आणखी एक शब्द आपल्या भाषेत आहे, तो म्हणजे सोपस्कार. अर्थ निघून गेल्यावर जे उरते ते सोपस्कार, आणि प्रथांवर आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा तेच असतात. त्या आक्षेपांत तथ्य आहे हे मी पुढे मान्य करणारच आहे; पण आधी जे प्रत्यक्ष पाहिले ते सांगते.

आमच्या वॉर्डात दिवसातून तीन वेळा चार्ज देण्या-घेण्याचा शिरस्ता होता. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाळीच्या परिचारिका पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत बरोबर चालत जात. प्रत्येक खाटेपाशी रुग्णाचे नाव घेतले जाई, येणारी परिचारिका त्याला स्वतःचे नाव सांगे, सलाईनची बाटली, लघवीची पिशवी, जखमेवरची पट्टी दोघी एकाच वेळी पाहत, आणि गेल्या काही तासांत काय घडले व पुढे कशावर लक्ष ठेवायचे हे रुग्णाच्या देखत सांगितले जाई. जी गोष्ट शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये, ती बाजूला होऊन बोलली जाई. सगळे झाले की अमली औषधांच्या कपाटापाशी उभे राहून कुप्या मोजायच्या, वहीत दोघींनी सह्या करायच्या आणि किल्ली हातावर ठेवायची. एकीने म्हणायचे, ‘चार्ज दिला’. दुसरीने म्हणायचे, ‘घेतला’. हे शब्द उच्चारले जाईपर्यंत वॉर्ड पहिलीचा असे आणि उच्चारताच दुसरीचा होई. मधल्या एका क्षणासाठीही तो बेवारस नसे.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमचा हा शिरस्ता बंद करण्यात आला. संगणक आले होते, सर्व नोंदी पडद्यावर दिसत होत्या, आणि दिवसातून तीन वेळा दोन-दोन परिचारिकांची वीस-पंचवीस मिनिटे ‘वाचवता येतील’ असे प्रशासनाने गणित मांडले. गणित चुकीचे नव्हते. मात्र त्या मिनिटांत काय होत असे, हे विचारायला वॉर्डात कोणी आले नाही. यापुढे जाणारीने नोंदी भरून निघावे आणि येणारीने त्या वाचून काम सुरू करावे, असे परिपत्रक निघाले.

त्यानंतर काही महिन्यांतली ही घटना आहे. पोटाची शस्त्रक्रिया झालेले एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे होते. त्यांना उजव्या कानाने मुळीच ऐकू येत नव्हते. दिवसपाळीच्या परिचारिकेला हे पहिल्याच तासात कळले होते आणि ती आपोआप डाव्या बाजूला जाऊन बोलत असे. संगणकाच्या तक्त्यात कानासाठी रकाना नव्हता. रात्रपाळीला आलेली मुलगी नवी होती. ती खाटेच्या उजव्या बाजूने आली, तिने दोन-तीनदा हाक मारली, उत्तर आले नाही. खांद्याला हात लावल्यावर ते दचकून जागे झाले आणि तिच्या प्रश्नाशी संबंध नसलेले काहीतरी बोलले. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाच्या बाबतीत हे लक्षण गंभीर मानायचे असते आणि तिने ते तसे मानले. ‘रुग्ण गोंधळलेला, प्रतिसाद मंद’ अशी नोंद झाली, डॉक्टरांना उठवण्यात आले, आणि पोटाला टाके असलेल्या त्या माणसाला मध्यरात्री स्ट्रेचरवर घालून मेंदूच्या सीटी स्कॅनसाठी नेण्यात आले. स्कॅनमध्ये काहीही निघाले नाही, कारण काही नव्हतेच. सकाळी मी गेले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी मला विचारले, ‘सिस्टर, मला काय झालं होतं?’

त्या मुलीची यात चूक नव्हती, हे मी तेव्हाही लेखी कळवले होते. ती शिकल्याप्रमाणे वागली. पूर्वीच्या रीतीने दोघी त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या असत्या, तर दिवसपाळीची परिचारिका सवयीने डावीकडे गेली असती, आणि ‘ताई, यांच्याशी या बाजूने बोल’ एवढे वाक्य तिच्या तोंडून सहज निघाले असते. जे ज्ञान रकान्यात मावत नाही ते माणसाच्या उभे राहण्यातून, नजरेतून आणि एखाद्या वाक्यातून पुढे जाते, आणि ते पुढे जाण्यासाठी दोन माणसे एका वेळी एका जागी असावी लागतात. चार्ज देण्याचा विधी तेवढ्यासाठीच होता. संगणकातली नोंद हवीच. तिने या भेटीची जागा घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे केवळ रुग्णालयापुरते नाही. जपानच्या रेल्वेत चालक आणि गार्ड प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. फलाटावरून पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते. तेथील रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने 1994 मध्ये केलेल्या प्रयोगात, एक साधे काम नुसते करताना दर 100 कृतींमागे 2.38 चुका झाल्या, तर बोट दाखवून आणि उच्चारून केल्यावर त्या 0.38 वर आल्या. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीला लावले की मन भरकटायला जागा उरत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनेही 1996 पासून ही रीत उचलली. गाडी थांबली की फलाटाच्या मध्यावर लावलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे कंडक्टरने बोट दाखवायचे आणि मगच दारे उघडायची, कारण फळी समोर असेल तरच गाडी योग्य जागी उभी आहे असे ठरते. आम्ही औषधाची कुपी हातात घेऊन नाव, मात्रा आणि मुदत एकमेकींना वाचून दाखवत असू, तेव्हा आम्हाला जपानची रेल्वे ठाऊक नव्हती. पण गोष्ट तीच होती.

वैमानिकांच्या क्षेत्रात तर अशा रीतींची किंमत जिवांनी मोजलेली आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे एक नवे बॉम्बर विमान चाचणीत उड्डाण करताच कोसळले आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला. यंत्रात दोष नव्हता. जमिनीवर उभे असताना विमानाचे सुकाणू-भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून घातलेली कडी सोडायची राहून गेली होती, आणि चालवणारे लोक अत्यंत अनुभवी होते. यातून उड्डाणापूर्वीची तपासणी यादी वाचण्याची पद्धत रूढ झाली. पण यादी असूनही काही सुटू शकते, कारण यादीतला प्रश्न विचारण्याची हिंमत कनिष्ठाला असावी लागते. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन 583 माणसे दगावली. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे का, अशी शंका एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकून टाकली. त्यानंतरच्या वर्षांत हवाई क्षेत्राने कनिष्ठाचा प्रश्न हा उद्धटपणा ठरू नये यासाठी प्रशिक्षणाची सगळी घडीच बदलली. विधीचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. जेव्हा विचारणे हेच नेमून दिलेले काम असते, तेव्हा विचारणाऱ्याला धैर्य एकवटावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची जी यादी तयार केली, तीत चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगायचे, असा एक मुद्दा आहे. पहिल्यांदा ऐकल्यावर अनेक शल्यविशारदांना तो पोरकट वाटला असेल; ज्यांच्यासोबत रोज उभे राहायचे त्यांना नाव काय सांगायचे? परंतु ज्याने एकदा आपले नाव त्या खोलीत उच्चारले आहे, तो पुढे काही बिनसताना दिसले तर गप्प बसत नाही, हे मी स्वतः शस्त्रक्रियागृहात काढलेल्या चार वर्षांत अनेकदा पाहिले. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले.

येथे मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सर्व रुग्णालयांना सक्तीची करण्यात आली, आणि 101 रुग्णालयांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही. त्याच्या कारणांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझे मत मी अनुभवावरून सांगते. यादीचा कागद वरून आला, पण तो का आला आहे हे कोणी कोणाला सांगितले नाही, तर लोक खुणा करतात आणि बोलत नाहीत. भूल देऊन झाल्यावर एकाच माणसाने कोपऱ्यात उभे राहून सगळ्या चौकटी भरून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या दिवशी यादी पूर्ण झाली होती आणि विधी झालाच नव्हता. सोपस्कार म्हणतात तो हाच, आणि त्याची चीड येणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत आहे. परंतु त्यावरचा उपाय यादी फाडून टाकणे हा नाही, ती मोठ्याने वाचणे हा आहे.

आता मनाकडे वळते. ज्या कामात निकाल आपल्या हाती नसतो, त्या कामात माणसे विधी निर्माण करतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून नोंदवले. तेथील लोक खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना कोणतेही विधी करत नसत, कारण तेथे कौशल्य पुरेसे होते; खुल्या समुद्रात, जेथे जिवाची शाश्वती नव्हती, तेथे मात्र ते सविस्तर विधी करत. याला अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. पण हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अनोळखी लोकांसमोर गाणे म्हणण्यासारख्या धास्तीच्या प्रसंगापूर्वी काही जणांकडून एक छोटासा बनवलेला विधी करून घेण्यात आला. आपल्या मनःस्थितीचे चित्र काढायचे, त्यावर मीठ भुरभुरायचे, पाचपर्यंत मोठ्याने मोजायचे आणि कागद चुरगळून टाकून द्यायचा. ज्यांनी तो केला त्यांची धास्ती कमी झाली आणि कामगिरी सुधारली. हेच हावभाव ‘विधी’ म्हणून करायला सांगितले तेव्हा जो उपयोग झाला, तो ‘काही हालचाली’ म्हणून करायला सांगितल्यावर झाला नाही, ही त्यातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. म्हणजे कृतीला आपण कोणता अर्थ देतो, यावर तिचे बळ अवलंबून असते.

आमच्या कामातला निकाल हाती नसलेला भाग कोणता, हे वाचकांना सांगायला नको. माझ्या वॉर्डात एके वर्षी एकाच आठवड्यात तीन मृत्यू झाले. तिसऱ्यानंतर नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी धुवून आलेल्या चादरींच्या खोलीत दार लावून बसलेली मला सापडली. ती रडत नव्हती. चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती, पुन्हा मोडत होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘सिस्टर, अर्ध्या तासात त्या खाटेवर दुसरा माणूस आला. मला त्याचं नाव लिहायचं होतं आणि माझ्या हातून आधीच्या माणसाचं नाव लिहिलं गेलं.’

त्या दिवसानंतर आम्ही एक गोष्ट सुरू केली. कोणी सांगितले नव्हते, परवानगी मागितली नव्हती. मृत्यू झाल्यावर, नातेवाइकांना त्यांचा वेळ देऊन झाल्यावर आणि पुढची कामे सुरू करण्याआधी, त्या वेळी वॉर्डात असलेले सर्वजण, डॉक्टरांपासून सफाई करणाऱ्या मावशींपर्यंत, खाटेभोवती एक मिनिट उभे राहत. शेवटी जवळ असलेल्या व्यक्तीने त्या माणसाचे पूर्ण नाव घ्यायचे, एवढेच. प्रार्थना नाही, भाषण नाही. मग प्रत्येक जण आपल्या कामाला जाई. मावशी बादली बाजूला ठेवून उभ्या राहत आणि नंतर तीच बादली घेऊन फरशी पुसायला लागत. त्या एका मिनिटाने मेलेला माणूस परत आला नाही आणि आमचे दुःखही संपले नाही. परंतु आधीच्या माणसाला निरोप दिला गेला होता आणि पुढच्या माणसाचे नाव चुकत नव्हते. ती मुलगी आज एका मोठ्या अतिदक्षता विभागाची प्रमुख आहे. नोकरी सोडण्याचे पत्र तिने त्या आठवड्यात लिहून ठेवले होते, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले.

निवृत्तीनंतर वाचनात आले की, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील एका परिचारकाने 2009 च्या सुमारास अगदी असाच विराम सुरू केला होता आणि तो पुढे अनेक देशांतील रुग्णालयांत पसरला. मला याचे नवल वाटले नाही. जेथे काम माणसाला आतून झिजवते, तेथे माणसे एकमेकांना न सांगता एकाच उपायापाशी पोहोचतात.

कामावर येणे आणि कामावरून जाणे, हे दोन उंबरठेही विधीशिवाय ओलांडता येत नाहीत, असे मला वाटते. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने 1909 मध्ये मांडले की, माणसाच्या प्रत्येक स्थित्यंतरात जुन्यापासून सुटणे, काही काळ अधांतरी असणे आणि नव्यात सामावले जाणे अशा तीन पायऱ्या असतात. गणवेश चढवताना घरची चिंता बाजूला पडे आणि उतरवताना वॉर्ड मागे राही, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. 2020 नंतर घरून काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेकांनी पहिली तक्रार केली ती हीच, की कामाचा दिवस कधी संपतो ते कळत नाही. एका मुलाने तर दर संध्याकाळी संगणक मिटून अंगातला सदरा बदलण्याचा नेम धरला, आणि त्यानंतर झोप लागू लागली असे तो सांगतो.

कॅनडातील अभियंते पदवी घेताना एका समारंभात कर्तव्याची शपथ घेतात आणि ज्या हाताने काम करतात त्याच्या करंगळीत लोखंडाची किंवा पोलादाची साधी अंगठी घालतात. पहिला समारंभ 1925 मध्ये झाला. 1907 मध्ये बांधकाम चालू असताना कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडापासून पहिल्या अंगठ्या घडवल्या होत्या, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही, पण ती इतकी टिकून का राहिली असेल, हे समजण्यासारखे आहे. त्या पुलाखाली 75 कामगार गेले. रेघ ओढताना अंगठी कागदाला घासते, आणि आपल्या आकड्यावर कोणाचा तरी जीव उभा आहे, ही आठवण बोटातच राहते.

लंडनमधील लॉइड्स या विमाबाजारात एका बुडालेल्या जहाजावरून 1858 मध्ये वर काढलेली घंटा टांगलेली आहे. जहाज बुडाल्याची बातमी आली की ती एकदा वाजवली जाई आणि उशीर झालेले जहाज सुखरूप असल्याचे कळले की दोनदा. घंटा वाजली की सभागृहातल्या सर्वांना बातमी एकाच क्षणी कळे, त्यामुळे आधी कळलेल्याने मागाहून कळणाऱ्याचा गैरफायदा घ्यावा, असे होत नसे. एवढी गंभीर रीत आणि तिच्या पोटात इतका व्यावहारिक न्याय, हे मला फार आवडते. कामाच्या ठिकाणच्या चांगल्या विधींचे असेच असते. त्यांना खरवडून पाहिले की आत कोणाची तरी काळजी सापडते.

सर्वच विधी चांगले असतात असे मी म्हणणार नाही. नव्याने आलेल्यांची ‘परंपरा’ म्हणून केली जाणारी मानहानी हा विधी नव्हे, छळ आहे, आणि तो बंदच झाला पाहिजे. सक्तीने म्हणायला लावलेल्या घोषणा आणि वरिष्ठांना खूश करण्यासाठी भरवलेले समारंभ माणसाला कामापासून दूरच नेतात. संगणक क्षेत्रात रोज उभ्याने घ्यायच्या 15 मिनिटांच्या बैठकीची पद्धत आहे. तिचा हेतू सहकाऱ्यांनी आपसांत दिवसाची जुळणी करावी हा आहे. ती वरिष्ठांपुढे हजेरी आणि जबाब देण्याची जागा झाली की लोक अडचणी लपवू लागतात, असे त्या क्षेत्रातील तरुणांकडून मी वारंवार ऐकते. विधी आपल्यांना जवळ आणतो तसा इतरांना परकेही करू शकतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवा विधी आठवडाभर केलेल्या लोकांनी आपल्या गटाबाहेरच्यांवर कमी विश्वास दाखवल्याचे दिसले. आमच्या एक मिनिटात मावशी उभ्या राहत होत्या, ते म्हणूनच महत्त्वाचे होते. ज्यात कंत्राटी कामगार, सफाई करणारे आणि रात्रपाळीचे लोक धरले जात नाहीत, त्या विधीने संस्थेत आणखी एक भिंत उभी राहते.

माझी व्यवस्थापनांना विनंती अशी आहे की, कोणतीही जुनी प्रथा बंद करण्यापूर्वी ती प्रत्यक्ष पाळणाऱ्यांबरोबर एक आठवडा उभे राहून पाहावे. ती कोणामुळे सुरू झाली, कोणत्या चुकीनंतर सुरू झाली, हे जुन्या लोकांना विचारावे. उत्तर कोणालाच देता आले नाही आणि करताना कोणाचाच जीव त्यात नसेल, तर ती खुशाल सोडावी. मात्र बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्याने तिच्यात एकदा तरी सामील झालेले असावे. आणि ज्या कामात विराम नाही, जेथे एक मृत्यू, एक अपघात किंवा एक मोठे अपयश ओलांडून माणसे तासाभरात पुढच्या कामाला लागतात, तेथे त्यांना स्वतःची रीत घडवू द्यावी; ती परिपत्रकाने ठरवू नये. आम्हाला कोणी ‘असे एक मिनिट उभे राहा’ असा आदेश काढला असता, तर ते मिनिट आमचे झाले नसते.

निरोपाविषयी एकच सांगते. माझ्या एका सहकारी परिचारिकेला शेवटच्या दिवशी एक छापील पत्र मिळाले आणि सायंकाळी पाच वाजता संगणकावरचे तिचे खाते बंद झाले. तिच्या हातचे तीन रुग्ण तेव्हा वॉर्डात होते. ती त्यांना सांगून जाऊ शकली नाही, आणि याची रुखरुख तिला आजही आहे.

माझ्या वेळी चार्ज देण्याचा शिरस्ता अधिकृतपणे बंदच होता. तरीही शेवटच्या सकाळी मी नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी गेले. माझी जागा घेणारी परिचारिका माझ्याही आधी येऊन पहिल्या खाटेपाशी उभी होती. मी तिला बोलावले नव्हते. आम्ही एकेक खाट करत शेवटपर्यंत गेलो. मी प्रत्येकाचे नाव घेतले, तिने प्रत्येकाला आपले नाव सांगितले. कपाटातल्या कुप्या मोजल्या, सह्या केल्या. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, ‘चार्ज दिला.’ तिने मूठ मिटली आणि म्हणाली, ‘घेतला, सिस्टर.’

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका